सहा कट्टे धान आणि दोन मोटारसायकली

दिवाळीला भाचा पुण्याहून बालाघाटकडच्या परसवाड्याला आला आणि हातपाय धुवायच्या आधीच त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर दोन मोटारसायकली. एक बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस, नवी कोरी. दुसरी होंडाची आफ्रिका ट्विन, अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स, २०२० ते २०२३ च्या काळातली, एकाच मालकाची वापरलेली. "मामा, घराचं कर्ज फिटलं. आता एक मोठी गाडी घ्यायची आणि तिच्यावर बसून गावी यायचं. तुम्ही विज्ञान शिकवलंत ना आयुष्यभर? मग सांगा, कोणती घेऊ?"

माझ्या दाराशी उभी असते ती शंभर सीसीची गाडी. पण प्रश्न विज्ञानाचा होता, म्हणून मी उलट विचारलं, "पडली तर उचलणार कोण?"

तो हसला. मी त्याला पडवीत नेलं. तिथे धानाचे कट्टे रचलेले होते. सरकारी खरेदीचा एक कट्टा ४० किलोचा. मी सहा मोजून दाखवले. "जीएस भरल्या टाकीनिशी २३७ किलोची. हे सहा कट्टे म्हणजे ती गाडी. तुझी होंडा अडीचशेच्या आसपास, म्हणजे त्यावर आणखी दहाएक किलो. सामान वेगळं, मागे बसणारी सूनबाई वेगळी."

हसू थांबलं. मग आम्ही ओसरीवर बसलो आणि दोन्ही गाड्या एकेक भाग करून सोडवल्या. हा लेख त्याच बैठकीचा.

दोघींचं घराणं एकच

आधी थोडं कूळ. १९८० साली बीएमडब्ल्यूनं आर ८० जी/एस काढली. यातला 'जी' म्हणजे कच्ची जमीन आणि 'एस' म्हणजे रस्ता, दोन्ही शब्द जर्मन. मोठं इंजिन घेऊन डांबरावरही चालायचं आणि डांबर संपल्यावरही, ही कल्पना त्या काळी नवी होती. पॅरिस ते डकार ही वाळवंटी शर्यत या गाडीच्या घराण्यानं १९८१, १९८३, १९८४ आणि १९८५ साली जिंकली. त्यानंतरची चार वर्षं, १९८६ ते १९८९, होंडाच्या एनएक्सआर ७५० नं नेली. त्या यशाच्या जोरावर होंडानं १९८८ मध्ये सामान्य गिऱ्हाइकासाठी पहिली आफ्रिका ट्विन बाजारात आणली.

म्हणजे दोघींची परीक्षा एकाच वाळूत झाली, पण उत्तरं वेगळी निघाली. तो वेगळेपणा समजला की निवड निम्मी झाली.

इंजिन: आडवं की उभं

जीएसचं इंजिन १३०० सीसीचं. त्याचे दोन सिलिंडर गाडीच्या दोन्ही अंगांना आडवे बाहेर आलेले असतात, कावड घेतल्यासारखे. याला बॉक्सर म्हणतात. एक दट्ट्या डावीकडे जातो तेव्हा दुसरा उजवीकडे, त्यामुळे एकाचा हिसका दुसरा बऱ्याच अंशी खाऊन टाकतो. सिलिंडर आडवे असल्यानं त्यांचं वजन खाली राहतं आणि चालताना गाडी आहे त्यापेक्षा हलकी वाटते. ताकद १४५ अश्वशक्ती, टॉर्क १४९ न्यूटन-मीटर.

आफ्रिका ट्विनचं इंजिन १०८४ सीसीचं, दोन्ही सिलिंडर शेजारीशेजारी उभे. ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास, टॉर्क १०५ न्यूटन-मीटरच्या घरात. गाडी कमरेत सडपातळ राहते, उभं राहून चालवताना गुडघे टाकीला नीट आवळता येतात. यातल्या क्रँकची रचना २७० अंशांची आहे. सोप्या भाषेत, दोन ठोके सारख्या अंतरानं पडत नाहीत. एक ठोका, लगेच दुसरा, मग थोडी उसंत. त्या उसंतीत मागच्या टायरला निसरड्या मातीत पकड सावरायला वेळ मिळतो, असं चालवणारे सांगतात. आवाजातला तो लंगडा ठेकाही त्याचाच.

भाचा १४५ च्या आकड्यावर अडला होता. मी म्हटलं, बैहर रस्त्यानं गांगुलपाऱ्याचा घाट चढताना तुझ्यापुढे उकव्याच्या मॅंगनीज खाणीचा ट्रक असेल. तो वळणावर ताशी पंधरानं चालतो. तिथे अश्वशक्ती कामाला येत नाही. कमी फेऱ्यांत, दुसऱ्या गिअरमध्ये, न गुदमरता गाडी ओढली जाते का, हे टॉर्क ठरवतो. आणि टॉर्क दोघींकडे गरजेपेक्षा जास्त आहे. म्हणून हा रकाना बरोबरीत सोडून द्यायचा.

पुढचं चाक: खडूचा हिशेब

कच्च्या रस्त्याचे शौकीन सगळ्यात आधी पुढच्या चाकावर भांडतात. होंडाच्या या गाडीला पुढे २१ इंची चाक, जीएसला १९ इंची. मोठं चाक दगडावरून सहज जातं, हे वाक्य भाच्यानं चार जणांकडून ऐकलं होतं. आम्ही ते ओसरीवर तपासलं.

सुतळी आणि खडू घेतला. २१ इंची चाकावर ९०/९० मापाचा टायर असतो. टायरसकट त्रिज्या निघते सुमारे ३४८ मिलिमीटर. १९ इंची चाकावर १२०/७० चा टायर, त्याची त्रिज्या ३२५. फरशीवर दोन वर्तुळं काढली, खाली १० सेंटिमीटर उंचीचा दगड काढला आणि चाक दगडाला जिथे पहिल्यांदा टेकतं तिथला कोन मोजला. मोठ्या चाकाचा साडेचव्वेचाळीस अंश, लहानाचा शेहेचाळीस. फरक दीड अंशाचा!

भाचा खडूकडे बघत राहिला. "म्हणजे सगळे खोटं सांगतात?"

खोटं नाही, कारण चुकीचं सांगतात. खरा फरक रुंदीत आहे. ९० मिलिमीटरचा अरुंद टायर चिखलात सुरीसारखा उतरतो आणि खालची घट्ट जमीन शोधतो. १२० चा रुंद टायर चिखलावर तरंगू बघतो आणि हँडल भरकटतं. डांबरावर हेच उलटं होतं. रुंद टायरचा जमिनीशी स्पर्श मोठा, म्हणून ब्रेक आणि वळण दोन्हींत भरवसा जास्त. होंडानंच २०२४ पासून अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्सला पुढे १९ इंची चाक दिलं. लांब पल्ल्याचं गिऱ्हाईक डांबरावरच जास्त असतं, याची ती कबुली समजायला हरकत नाही.

शॉकअप आणि ब्रेक

साध्या गाडीत पुढच्या दोन नळ्या तीन कामं करतात. हँडलबरोबर वळतात, खड्डा गिळतात आणि ब्रेकचा भार सोसतात. म्हणून पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी नाक खुपसते. आफ्रिका ट्विनची रचना हीच, फक्त नळ्या दणकट आणि त्यांची हालचाल लांब, पुढे २३० मिलिमीटर. नाक खुपसण्याचा एक फायदाही असतो. पुढच्या टायरवर किती भार आला, हे हाताला कळतं.

जीएसनं ही कामं वाटून दिली. टेलिलिव्हर नावाच्या रचनेत इंजिनाकडून एक आडवा हात पुढच्या चाकाकडे जातो आणि ब्रेकचा बराच भार तो घेतो. नळ्या मुख्यतः वळण्यापुरत्या उरतात. ब्रेक दाबला तरी गाडी जवळजवळ सपाट राहते. मागे बसलेली व्यक्ती दर ब्रेकला पाठीवर आदळत नाही, हा संसारी माणसासाठी मोठाच मुद्दा. पुढची हालचाल मात्र १९० मिलिमीटर, होंडापेक्षा कमी. हमरस्त्यावर अचानक आडव्या आलेल्या गुरांसाठी टेलिलिव्हर, नाल्यातल्या गोट्यांसाठी होंडा.

एबीएसचंही इथेच सांगून टाकतो. डांबरावर ते जीव वाचवतं. उतारावरच्या सुट्या मुरमात मागचं चाक अडकलं तर टायरपुढे मुरमाचा ढीग साचतो आणि तोच गाडी थांबवायला मदत करतो. एबीएस चाक अडकू देत नाही, म्हणून ढीग साचत नाही आणि गाडी घरंगळतच राहते. यासाठी दोन्ही गाड्यांत मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय आहे. पुढचं मात्र चालूच ठेवावं. आणि डांबर लागलं की मागचं पुन्हा चालू करायचं, हे विसरू नये.

चेन की शाफ्ट

इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत न्यायची कशी? होंडा चेननं नेते, जीएस शाफ्टनं. शाफ्ट म्हणजे बंद नळीत फिरणारा दांडा, टोकाला दाते असलेली चाकं, भोवती तेल.

चेनला देखभाल हवी. चार-पाचशे किलोमीटरला वंगण, धूळ-पाऊस लागला तर त्याआधीच. आपल्याकडचा तांबडा मुरूम वंगणात मिसळला की त्याचा घासकागद होतो आणि चेन-स्प्रॉकेट दोन्ही खातो. शाफ्टला हे काही नाही. ठरल्या किलोमीटरला तेल बदललं की झालं. पुण्याहून इथवर नऊशेच्या वर किलोमीटर येताना वाटेत गुडघे टेकून चेन पुसायची नाही, हे सुख ऐऱ्यागैऱ्याला कळायचं नाही.

पण बिघाडाचं गणित उलटं. चेन सैल झाली, कडी निघाली तर दोन पाने आणि एक जादा कडी जवळ असली की झाडाखाली काम होतं. शाफ्टच्या आत काही मोडलं तर परसवाड्यात काय, बालाघाटातही कुणी ती नळी उघडणार नाही. गाडी छोट्या ट्रकवर चढवून मोठ्या शहराकडे न्यायची. शाफ्ट क्वचित मोडतो हे खरं, पण मोडला की खिसा आणि आठवडा दोन्ही जातात.

क्लच नसलेली गाडी

भाच्यानं पाहिलेली होंडा डीसीटीवाली होती. तिला क्लचची दांडी नाही. आत मात्र एकाऐवजी दोन क्लच आहेत. पहिला, तिसरा, पाचवा गिअर एका क्लचवर, दुसरा, चौथा, सहावा दुसऱ्यावर. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच जोडून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो तेव्हाच दुसरा धरतो, म्हणून झटका लागत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट, चढावर गाडी बंद पडत नाही. मोठ्या गाड्या पडतात त्यातल्या बऱ्याचशा अशाच, चालता चालता इंजिन गचका खाऊन बंद पडतं आणि पाय टेकायच्या आत तोल जातो.

त्याची किंमतही आहे. वजन दहाएक किलोनं वाढतं. अर्धा क्लच धरून गाडी मुंगीच्या पावलानं नेणं जमत नाही, त्याऐवजी मागचा ब्रेक हलका दाबून वेग आवरायला शिकावं लागतं. बॅटरी उतरली तर ढकलून चालू होत नाही, म्हणून डिकीत छोटा जंप स्टार्टर असावा. आणि इंजिन बंद असताना ती गिअरमध्ये ठेवता येत नाही. उतारावर उभी करायची तर होंडानं वेगळा हँडब्रेक दिला आहे, तो ओढायचाच.

टाकी, पेट्रोल आणि न चालणारा रस्ता

जीएसची टाकी १९ लिटरची, या होंडाची साडेचोवीसच्या आसपास. कंपन्यांच्या कागदावर दोघी लिटरला वीसेक किलोमीटर देतात. भाचा म्हणाला, "म्हणजे होंडा कमी वेळा थांबणार." आम्ही मोजलं. थोडं राखीव धरून जीएस एका टाकीत ३४०, होंडा ४४०. पुणे ते परसवाडा साडेनऊशे धरले तर दोघींनाही वाटेत दोनदाच पंप लागतो! मोठी टाकी कामी येते ती पंप विरळ असलेल्या मुलखात, आणि तिचं वजन सगळ्यात वर बसतं. साडेचोवीस लिटर पेट्रोल म्हणजे अठराएक किलो, तेही छातीच्या उंचीवर.

पेट्रोलच्या जातीचाही फरक आहे. जीएसचं इंजिन मिश्रण १३.३ पट दाबतं, होंडाचं १०.१ पट. जास्त दाब म्हणजे त्याच थेंबातून जास्त काम, पण मिश्रण वेळेआधी पेटण्याचा धोकाही जास्त. म्हणून जीएसला चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. होंडा त्या बाबतीत खेड्यातल्या पंपावर कमी कुरकुरते.

आणि रस्ता? नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. वीस लाखांची असो की साठ हजारांची. म्हणजे ताशी दोनशेची गाडी घेऊन भाचा येणार जुन्याच रस्त्यानं: अहिल्यानगर, संभाजीनगर, जालना, अमरावती, नागपूर, भंडारा, गोंदिया, बालाघाट. गावागावांत गतिरोधक, उसाच्या ट्रॉल्या, बाजाराची गर्दी. मग घाट चढून आपलं पठार आणि शेवटी घरापर्यंतचा चार किलोमीटर मुरूम. पुढे कान्हा बघायचं म्हटलं तर मुक्की फाटकाशी गाडी ठेवायची. गाभ्यातल्या जंगलात दुचाकी जात नाही.

पैशाचं थोडक्यात

आर १३०० जीएस भारतात जून २०२४ मध्ये आली तेव्हा तिची शोरूम किंमत २०.९५ लाखांपासून होती. ३५० सीसीच्या वरच्या दुचाकींवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, त्याखालच्यांवर १८. वर नोंदणी, विमा, पेट्या, लेगगार्ड. वापरलेली होंडा बरीच खाली मिळते, पण घेताना चेन-स्प्रॉकेटचे दाते, पुढच्या नळ्यांवर तेलाची ओल आणि इंजिनाखालच्या पत्र्यावरचे ओरखडे बसून बघायचे. ओरखडे वाईट नसतात. मालक "कधी कच्च्यात नेलीच नाही" म्हणत असेल आणि पत्रा चेपलेला असेल, तर वाईट.

आता उचलायची

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माझी शंभर सीसीची गाडी धान कापलेल्या बांधीत नेली आणि धुऱ्याजवळ मऊ जागी आडवी केली. "उचल."

त्यानं हँडल धरून वाकून ओढली. गाडी उठली, पण कमरेनं तक्रार केली. ही गाडी सहा कट्ट्यांच्या निम्म्याहून कमी. अशा पद्धतीनं मोठी गाडी उचलणाऱ्याची पाठच आडवी होते.

मग पद्धत. इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उचलता उचलता ती पलीकडे जाते. गिअरमध्ये टाकायची, डीसीटी असेल तर हँडब्रेक. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवायचं. गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवायचं, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्या हातात मागचा कॅरिअर. मग पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर मागे मागे लहान पावलं टाकायची.

यात शास्त्र आहे. गाडी टायरच्या कडेवर फिरते. पूर्ण आडवी असते तेव्हा तिच्या वजनाचा मध्य त्या कडेपासून आडव्या अंतरानं सगळ्यात दूर असतो, म्हणून पहिली वीत सगळ्यात जड. जसजशी उठते तसतसा मध्य जवळ येतो आणि भार उतरतो. इथेच जीएसचे बाहेर आलेले सिलिंडर कामाला येतात. त्यांच्यावर टेकल्यामुळे गाडी पूर्ण झोपतच नाही आणि ती सगळ्यात जड पहिली वीत वाचते. अरुंद पायवाटेवर तेच सिलिंडर दगडाला घासतात, ही त्याची दुसरी बाजू.

पडण्याआधीचा प्रश्न पाय टेकण्याचा. दोघींची सीट ८५० मिलिमीटरच्या आसपास. भाचा साडेपाच फुटांचा, त्याचे चवडेच टेकणार. जीएसला पर्याय म्हणून अशी सोय मिळते, की थांबताना गाडी आपोआप ३० मिलिमीटर बसते. हे बोटभर अंतर ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण चवडा आणि तळपाय यांच्यातला फरक तेवढाच असतो.

मग कोणती?

शेवटी मी त्याला कागद दिला. पुढच्या वर्षी कुठे कुठे जाणार ते लिहू नकोस, त्यात लडाख येतंच. गेल्या वर्षी कुठे गेलास ते लिही. त्यानं लिहिलं: पुण्यात रोज ऑफिस, वर्षातून दोनदा गाव, दोन्ही वेळा बायकोसोबत, एकदा कोकण. कच्चा रस्ता घराचा चार किलोमीटर, बस्स.

या कागदावर जीएस बसते. मागच्या माणसाला सुख, चेनची कटकट नाही, वजन दहा-बारा किलोनं कमी, पाय टेकायला सोपी, पडली तर उचलायला सोपी. चिखलाची म्हणून ओळखली जाणारी होंडा उचलण्याच्या परीक्षेत मागे पडते, हे मलाही मोजल्यावरच पटलं. दुसऱ्या कुणाच्या कागदावर लांजीपासून लामट्यापर्यंत जंगलाकाठचे कच्चे रस्ते असतील, चेन स्वतः पुसायची हौस असेल, बिघाड झाडाखाली निस्तरायचा असेल, तर होंडा बसेल. आणि बांधीत पाठ लावूनही सहा कट्टे हलत नसतील, तर रॉयल एनफील्डची ४५२ सीसीची हिमालयन १९६ किलोची आहे, पुढे २१ इंची चाक आहे. पाच कट्ट्यांत काम होतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

निघायच्या सकाळी भाचा एकटाच बांधीत गेला. माझी गाडी स्वतःच आडवी केली, न सांगता पाठ लावली आणि उभी करून परत आणली. हात झटकत म्हणाला, "मामा, शोरूममध्ये गेल्यावर पहिलं काय विचारू?"

म्हटलं, "विचार, जरा आडवी करून बघू का?"